पाच नंबरची सफाई

ज्याला माणसांची किळस येते त्याने सीटी स्कॅनच्या खोलीत नोकरी धरू नये, असं तो टेक्निशियन नव्या लोकांना पहिल्याच दिवशी सांगायचा. सव्वीस वर्षांत त्याच्या त्या सरकत्या टेबलावर माणसं ओकली होती, मुतली होती, एका बाईने तर घाबरून त्याच्या मनगटाचा चावा घेतला होता. त्याने दर वेळी टेबल पुसलं, चादर बदलली, हात धुतले आणि पुढच्याला आत बोलावलं. पोटात कधी ढवळलं नाही. ते ढवळायला लागलं गेल्या वर्षापासून, आणि तेही एका अतिशय स्वच्छ गोष्टीमुळे. आपणच काढलेले फोटो त्याला बघवेनासे झाले होते.

फोटो म्हणजे स्कॅनचे. तिथे सगळे फोटोच म्हणत. पूर्वी त्या फोटोंवर दाणा असायचा, वरून कुणी बारीक वाळू भुरभुरल्यासारखा. किरण जास्त सोडले तर दाणा कमी आणि किरण कमी सोडले तर दाणा जास्त, हा या धंद्यातला रोजचा तिढा. सेंटरच्या मालक-डॉक्टरांना त्या दाण्याचा भारी तिटकारा. दिवसाला शंभरावर फोटो वाचायचे, डोळे चुरचुरायचे, संध्याकाळपर्यंत माणूस चिडचिडा व्हायचा. मग गेल्या वर्षी त्यांनी मशीनमध्ये एक नवा प्रोग्रॅम बसवून घेतला. किरण निम्मे सोडायचे आणि उरलेला दाणा प्रोग्रॅमने साफ करायचा. सफाईचे नंबर एक ते पाच.

बसवायला आलेला माणूस दोन दिवस होता. जाताना बॅगेची चेन लावता लावता तो टेक्निशियनला म्हणाला होता, "छातीला तीनच्या वर जाऊ नका. वर गेलात तर फोटो देखणा येतो, पण फिकट, बारीक असं जे काही असेल ते दाण्याबरोबरच पुसलं जातं."

टेक्निशियनने मान डोलावली. आणि तिसऱ्या दिवशी, निव्वळ गंमत म्हणून, एका छातीला पाच नंबर लावून पाहिला.

डॉक्टर आपल्या केबिनमधून उठून बाहेर आले. सव्वीस वर्षांत ते उठून बाहेर आले होते ते फक्त ओरडायला. या वेळी त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "अरे, हे फुफ्फुस आहे की संगमरवर? आजपासून तुमचं नाव स्टुडिओ!" आणि त्याच संध्याकाळी त्यांनी पाच नंबर कायमचा करून टाकला, वर आपला पासवर्ड घातला. सगळे फोटो एकसारखे दिसले पाहिजेत, कुणी मधेच दाणेदार फोटो पाठवायचा नाही. बाहेरच्या हॉलमध्ये जाहिरात लागली: निम्मे किरण, दुप्पट स्वच्छ. गडी खूश. बसवणाऱ्याचं वाक्य त्याने डॉक्टरांना सांगितलं का? नाही. सांगणार होता. पण सव्वीस वर्षांनी पाठीवर पडलेली थाप अजून ऊबदार होती, आणि उद्या सांगू उद्या सांगू करत तो मूग गिळून बसला, ते बसलाच.

तरी त्याला कळत होतं. रोज सकाळी पहिला पेशंट घेण्याआधी मशीनची परीक्षा घ्यावी लागते. पाण्याने भरलेला एक प्लास्टिकचा डबा टेबलावर ठेवायचा आणि त्याचा स्कॅन काढायचा. डब्याच्या पोटात छोट्या छोट्या भोकांच्या ओळी असतात, पहिली ओळ ठळक, मग लहान, मग आणखी लहान. पूर्वी त्या वाळूतून डोळे बारीक करून पाहिलं तर पाचवी ओळ ओळखू यायची. आता पाणी काचेसारखं नितळ दिसत होतं आणि ओळी दिसत होत्या तीन. पण नव्या फॉर्मवर ओळींचा रकानाच नव्हता. डॉक्टरांनी तो काढून टाकला होता. रकाना होता दाण्याचा. दाणा नाही. मग तो लिहायचा, "उत्तम", आणि सही ठोकायचा. वर्षभर रोज. ती सही करताना त्याला तोंडात काहीतरी बुळबुळीत आल्यासारखं व्हायचं. पुढे पुढे फुफ्फुसं, यकृतं, मूत्रपिंडं, सगळ्यांवरच तो बुळबुळीतपणा दिसायला लागला. शिसारी यायची. पण शिसारी आली म्हणून काही त्याने जेवण सोडलं नाही की नोकरी.

अशात एका मंगळवारी त्याचा साडू आला.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. घरं रंगवून देण्याची कंत्राटं घ्यायचा. माणूस मोठ्या आवाजाचा. बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि तो हात बोलणं संपेपर्यंत काढायचा नाही. खोकला आला की रुमालात थुंकायचा, रुमाल उघडून आत काय पडलं ते बघायचा, आणि घडी करून खिशात ठेवायचा. टेक्निशियनला दुनियेची घाण चालत होती, साडूचा रुमाल चालत नव्हता. पण गेले तीन महिने खोकला हटत नव्हता आणि बायकोने घरात धोशा लावला होता. "अहो, भाऊजींचा एकदा फोटो काढा की. तुमच्या हातात मशीन आहे आणि ताई रात्र रात्र बसून काढते."

"भिंती घासतो दिवसभर. धूळ जाते, दुसरं काय," साडू टेबलावर आडवा होत म्हणाला. "पण आमच्या मंडळींना चैन पडत नाही. साडूभाऊ, फोटो मात्र फर्स्ट क्लास आला पाहिजे. तुमचं इथलं नाव काय ते, स्टुडिओ ना?"

"श्वास घ्या म्हटलं की घ्यायचा आणि धरून ठेवायचा. हलायचं नाही."

"मिनिटभर धरतो! बघाच तुम्ही."

आणि धरलाही. काचेच्या पलीकडे बसून टेक्निशियनने बटण दाबलं. टेबल सरकत असताना पडद्यावर आधी कच्चे फोटो झरझर येतात. ते कुणी बघत नाही. मशीन चालू आहे एवढं कळावं म्हणून असतात ते, दाण्यांनी भरलेले, साफ होण्याआधीचे. टेक्निशियनची नजर सवयीने त्यांवर होती. उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला, बरगडीच्या मागे, एक धुरकट ठिपका आला आणि गेला. नखाएवढा. काचेवर श्वास सोडल्यावर उमटतो तसा.

मिनिटभराने पक्के फोटो आले. नितळ, गुळगुळीत. बरगडीच्या मागे काही नव्हतं.

त्याने पुढे मागे केलं. दहा वेळा केलं. त्या जागी फुफ्फुस असं काही साफ झालं होतं, की जणू तिथे कधी काही नव्हतंच. त्याच्या मनात पाल चुकचुकली. कच्चे फोटो एकदा गेले की परत दिसत नाहीत. पण मशीन मूळ माहिती ठेवतं, त्यातून फोटो पुन्हा बनवता येतात, वाटेल त्या नंबरावर किंवा सफाई न करताही. फक्त त्याला डॉक्टरांचा पासवर्ड लागणार होता. आणि ती माहिती राहते तरी किती? डिस्क भरत आली की मशीन सगळ्यात जुन्या पेशंटचं मूळ आधी पुसतं. एवढ्या गर्दीच्या सेंटरमध्ये म्हणजे दीड दिवस, फार तर दोन.

तो डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर वासाच्या ओल्या कागदाने बोटं एकेक करून पुसत होते. दर दहा मिनिटांनी पुसायचे.

"सर, त्या आत्ताच्या पेशंटचं जरा बघता का? कच्च्या फोटोत उजवीकडे काहीतरी फिकट दिसलं मला. पक्क्यात नाही. एकदा सफाई काढून बनवून बघू या."

"तुमचे कोण हो ते?"

"साडू."

"मग बरोबर आहे. आपल्या माणसात सगळ्यांना सगळं दिसतं," डॉक्टर हसले. "कच्च्यात तर ढगसुद्धा दिसतात, स्टुडिओ. दाणा आहे तो. दाण्यात माणसाला हवं ते दिसतं. म्हणून तर आपण तो काढतो! मी फोटो पाहिलेत, रिपोर्ट दिलाय. नॉर्मल."

"दोन मिनिटांचं काम आहे, सर. पासवर्ड..."

"आणि उद्या दुसऱ्या सेंटरचे चार डॉक्टर आपले फोटो बघायला येतायत. त्यांच्यासमोर ही दाणेदार भानगड यादीत नको मला. जा, बाहेर गर्दी आहे."

तो बाहेर आला. संध्याकाळी घरी पोचला तर बायको हसत दारात उभी. साडूने आपल्या फुफ्फुसाचा फोटो सगळ्या नातेवाइकांना मोबाइलवर पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, "साठीतला माल, एकदम कोरा. आमच्या साडूभाऊंची कृपा." मेहुणीने फोनवर बायकोला रडत रडत सांगितलं होतं, की आज किती दिवसांनी जिवात जीव आला. टेक्निशियन जेवायला बसला आणि पहिला घास तोंडात तसाच फिरवत राहिला. बायकोला त्याने काही सांगितलं नाही. काय सांगणार? की मला दिसलं होतं, पण मला दिसत असलेलं मीच पुसतो?

बुधवारी सकाळी पुन्हा तो पाण्याचा डबा, पुन्हा तीन ओळी. पेन हातात घेऊन तो बराच वेळ बसला. मग त्याने "उत्तम" लिहिलं, कारण दुसरं काही लिहिण्याची त्या हाताला सवयच राहिली नव्हती. स्वतःच्या अक्षराकडे पाहून त्याला ओकारी आली. ही खरोखरची, कोरडी. बेसिनपाशी जाऊन तोंड धुवून आला.

दुपारी बारा वाजता त्याने मशीनची यादी उघडली. साडूचं मूळ अजून होतं, खालून बाराव्या जागी. आणखी बारा पेशंट झाले की संपलं. त्याने दारातून हॉलमध्ये डोकं घातलं आणि मोजलं. एकोणीस जण बसले होते.

एक झाला. दोन झाले. तिसऱ्याला टेबलावर चढवताना तो चादर बदलायला विसरला, चौथ्या बाईला त्याने नाव दोनदा विचारलं. तिने विचारलं, "तुम्हाला बरं नाही का हो?" तिचा फोटो काढला. पाचवा, सहावा. हे सगळे लोक गुळगुळीत होऊन बाहेर पडत होते आणि दर माणसागणिक साडू एक पायरी खाली घसरत होता. आठवा झाल्यावर टेक्निशियनने खुर्ची मागे ढकलली, दारावर 'मशीन बंद आहे' अशी पाटी अडकवली आणि परत येऊन हाताची घडी घालून बसला. मशीन ठणठणीत होतं. त्याला एवढंच ठाऊक होतं, की नवा फोटो निघाला नाही तर जुना पुसला जात नाही.

पाच मिनिटांत हॉलमध्ये कुरकुर, दहा मिनिटांत आरडाओरडा. उपाशी पोटी आलेले लोक होते, त्यांचं काय चुकलं? काउंटरवरची बाई दोनदा येऊन गेली. मग डॉक्टर आले, त्यांच्यामागून ओल्या कागदाचा तो वास आला.

"काय बिघडलंय?"

"काही नाही."

"मग पाटी कसली?"

"सर, पासवर्ड टाका. माझ्या साडूचे फोटो सफाई काढून बनवतो. दोन मिनिटं लागतील. मग चालू करतो."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "तुम्ही मला वेठीला धरताय? सव्वीस वर्षांनी? पाहुणे अर्ध्या तासात येतायत, बाहेर तमाशा झालाय, आणि तुम्हाला साडू सुचतोय?"

"हो."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. पण तोपर्यंत बटण मीच दाबतो, आणि मी दाबणार नाही."

बाहेरून कुणीतरी दार बडवलं. डॉक्टरांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि मग दात ओठ खात पुढे वाकून पासवर्ड टाइप केला. टाइप करताना कीबोर्ड आपल्या अंगाने झाकला, एवढ्या घाईतसुद्धा.

फोटो आले. दाणेदार, खरखरीत, जुन्या दिवसांसारखे. टेक्निशियन एकेक पुढे करत गेला आणि उजवीकडे वर, बरगडीच्या मागे थांबला. ठिपका तिथेच होता. वरच्या फोटोत होता, खालच्या फोटोत होता, त्याला कडा होती. दाणा असा सलग तीन फोटोंत एकाच जागी बसत नाही, हे त्या खोलीतल्या दोघांनाही ठाऊक होतं.

डॉक्टरांनी ते तीन फोटो स्वतः पुढे मागे केले. मग म्हणाले, "हं."

"हं म्हणजे?"

"म्हणजे आहे. लहान आहे, वेळेत सापडलं. छातीच्या डॉक्टरांकडे पाठवा, तुकडा काढून तपासायला लागेल." त्यांनी खिशातून ओला कागद काढला आणि बोटं पुसायला घेतली. "मी रिपोर्ट बदलतो. पेशंटने श्वास नीट धरला नाही, हलला, म्हणून आधीच्या फोटोत आलं नाही, असं लिहू."

"तो हलला नव्हता."

"तुम्हाला रिपोर्ट बदलून हवाय ना?"

टेक्निशियनने त्या बोटांकडे पाहिलं. गुलाबी, निगुतीने ठेवलेली बोटं, एकेक करून पुसली जात होती. अंगावर सरसरून काटा आला. एखादी मेलेली पाल चपलेखाली यावी तसं झालं. पण तो म्हणाला, "लिहा."

डॉक्टरांनी यादीतले ते दाणेदार फोटो आपल्या हाताने बाजूला लपवले, पासवर्ड पुन्हा घातला आणि शर्ट सारखा करून पाहुण्यांसाठी बाहेर गेले. टेक्निशियनने एक छापील प्रत तेवढी आधीच काढून ठेवली होती. त्याने पाटी काढली. उरलेले अकरा जण आत येऊ लागले.

संध्याकाळी तो साडूच्या घरी गेला. मेहुणी स्वयंपाकघरात होती. साडू पुढच्या खोलीत रंगांचे नमुने पसरून बसला होता. टेक्निशियनने त्याच्यासमोर ती प्रत ठेवली. साडूने ती उजेडात धरली आणि नाक मुरडलं.

"हा बिघडलाय, साडूभाऊ. सगळी वाळू आलीय. कालचा चांगला होता."

"कालचा खोटा होता." आणि मग त्याने सगळं सांगितलं. ठिपका दाखवला. दाणा सांगितला, सफाई सांगितली, पाच नंबर सांगितला. छातीच्या डॉक्टरांची उद्याची वेळ घेतलीय हेही सांगितलं. साडू पहिल्यांदाच मध्ये बोलला नाही. खोकला आला, रुमालात थुंकला, आणि या वेळी रुमाल न उघडता तसाच ठेवून दिला.

"म्हणजे पुट्टी मारली," तो शेवटी म्हणाला.

"काय?"

"भिंतीला ओल असते, बारीक भेग असते. वरून पुट्टी मारून घासली की हात फिरवला तरी कळत नाही. गिऱ्हाईक खूश. मी काय मारली नाही? खोटं कशाला बोलू, चिक्कार मारलीय." त्याने ठिपक्यावर बोट ठेवलं. "पण भिंत मरत नाही हो."

आतून मेहुणीने विचारलं, "कोण आलंय?" साडूने ओरडून सांगितलं, "साडूभाऊ आहेत, चहा टाक." मग त्याने नेहमीसारखा टेक्निशियनच्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता.

"तुमचे उपकार आहेत. नोकरी पणाला लावलीत माझ्यापायी. सख्ख्या भावाने केलं नसतं." डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. हा हात टेक्निशियनला आयुष्यात पहिल्यांदा नकोसा वाटत नव्हता.

"असं किती जणांचं झालं असेल?" साडूने विचारलं.

"रोजचे तीस-चाळीस. वर्ष झालं."

"त्यांचं ते मूळ?"

"पुसलं गेलं. आता फक्त साफ केलेले फोटो आहेत. त्यांत काही दिसणार नाही."

"आणि त्यांचा कुणाचा साडू तिथे नव्हता."

"नव्हता."

साडूने ती प्रत पुन्हा उजेडात धरली. "दुपारी मशीन परत चालू केलंत?"

"केलं. माणसं ताटकळली होती. उपाशी होती."

"कितव्या नंबरावर?"

मेहुणी चहाचे कप घेऊन दारात आली आणि दोघांची तोंडं बघून तिथेच थांबली.

"पाचच्याच," टेक्निशियन म्हणाला.

साडूने त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला आणि आपल्या पायजम्याला पुसला.